तपासणारा माणूस

हो, सून मीच, अर्ज सासूबाईंचा — नाही हो साहेब, खिडकी चुकले नाहीये, बाहेर पाटीच लावलीय की, मशीननं दिलेला निर्णय पटला नाही तर तो माणसाकडून तपासून मागायचा हक्क आहे, नवा कायदा, एवढ्या मोठ्या अक्षरांत. तो माणूस तुम्हीच ना? मग मान तरी वर करा. स्क्रीनवर काय आहे ते मला पाठ आहे — अर्जदार स्वतः उठते, चालते, दिवसभर मदतनीस नको, सकाळी तासभर पुरे. पुरे! मशीनला काय जातंय म्हणायला?

उठल्या त्या, खोटं कशाला बोलू? तुमची ती टॅबवाली मुलगी चौकशीला आली तेव्हा उठल्या. आमच्या सासूबाईंची ऐट काय सांगू — घरी कुणी आलं की केस विंचरलेले हवेत, कपडे चांगले हवेत, नि 'कशा आहात आजी' म्हटलं की 'अगदी ठणठणीत!' मी मागून डोळे वटारतेय, खुणा करतेय — बघतील तर शपथ! वर तिला दारापर्यंत पोचवायला निघाल्या, भिंत धरून. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? मुलगी खूश, टॅबवर टकटक करून गेली. दार लागलं नि सासूबाई तिथंच कोसळल्या. ते कुणी लिहिलं? कुणीच नाही. तेच सांगायला आले, तर तुम्ही मघापासून स्क्रीनच बघताय. अहो, मी कारखान्यात शिवणाला जाते. तुमच्याकडून मिळालेली दिवसभराची मदतनीस बाई होती तोवर निभावलं. आता मुकादम म्हणतो, आणखी एक खाडा झाला तर येऊच नकोस. नवरा? तो असता तर काय हवं होतं! चीड येते हो मला सासूबाईंची. कधी कधी तर वाटतं, एकदाच्या — जाऊ दे, तोंडातून गेलं.

आत्ता? आत्ता कोण असणार त्यांच्यापाशी? पाण्याची बाटली उशाशी ठेवली, बाहेरून कडी घातली नि आले. रडत होत्या मी निघताना. काय करू, तुम्हीच बोलावलं होतं ना, वेळेवर या म्हणून — काय लिहिताय? मघापासून बोट हलत नव्हतं, नि आता? वळवा जरा इकडे. 'घरी एकटी राहू शकते.' अहो — असं कुठं म्हटलं मी? खोडा ते. साहेब, हात जोडते, खोडा. पुढचा नंबर काय पुकारता? मी बसलेय ना इथं अजून. नाही, मी उठणार नाही.