घुटना मोडो, साब!

छे छे छे, बर्फाचं नाव काढू नका माझ्यापुढे! तुम्हाला सांगतो, फोटोत माणूस उभा दिसतो, पण फोटोच्या आधी आणि नंतर तो आडवा असतो, हे कुणी सांगतं का? आणि मी कोण? चेन्नईचा माणूस! मार्गळीत, म्हणजे ऐन डिसेंबरात, पहाटे बावीस डिग्री झाली की मफलर गुंडाळून दूध आणणारा... त्या मला काश्मिरात नेऊन पायांना दोन लांब फळ्या बांधल्या हो! कशासाठी? तर गिरीधरसाठी!

गिरीधर म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, अण्णा नगरला आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको तुळसी गेली, आणि हा बोलायचाच थांबला. जेवलास? जेवलो. झोपलास? झोपलो. संपलं! पूर्वी कॅरमची सोंगटी भोकात गेली नाही तरी खदाखदा हसणारा माणूस! मग आमचा तिसरा दोस्त वेंकट म्हणाला, "डेय पद्दू, याला लांब नेऊ या, जिथं तुळसीची एकही आठवण नाही." मी म्हटलं, महाबलीपुरम? "दर पोंगलला जायची दोघं." कोडाईकनाल? "हनिमून!" असं करत करत वेंकटचं बोट नकाशावर वर वर सरकत गेलं ते थेट गुलमर्गला! शुक्रवार-सोमवार रजा टाकली. आमची सरोजा म्हणते, "अहो, तुम्ही फ्रीज पुसताना शिंकता!" खरंच की, चेन्नईचा माणूस मी!

शनिवारी सकाळी काय ऊन, काय निळं आभाळ! स्कीइंग शिकवणारे बशीरभाई म्हणाले, "साब, मौसम फर्स्ट क्लास!" दहा मिनिटांत बर्फ पडायला लागला. "साब, ये पहाड है!" कोट घातला की ऊन, काढला की बर्फ... मी तर घालू की काढू करत एका बाहीत हात घालून उभा! आणि वरून त्यांचं एकच, "घुटना मोडो, साब! घुटना मोडो!" अहो, आमच्या घरच्या मराठीत मोडायचं म्हणजे काय, ते यांना कुणी सांगायचं? मी म्हटलं, भाई, तुम्ही कशाला सांगता, आपोआपच मोडेल!

आणि गिरीधर? नुसता उताराकडे बघत उभा.

तेवढ्यात ढग उतरला. हात पुढे केला तर हातमोजा दिसेना! बशीरभाई ओरडले, "कोई हिलो मत!" आम्ही कसले हिलतोय? पण जरा विरळ झालं आणि बघतो तर गिरीधर नाही! फळ्यांच्या दोन रेघा खाली गेलेल्या, पुढं पांढरं सगळं... मनात नको ते आलं. तुळसीकडे निघाला की काय हा? हाक मारली, "गिऱ्याऽऽ!" बशीरभाई जायला निघाले, तर वेंकटनं त्यांच्या पायाला मिठी मारलेली, "मुरुगा, मुरुगा!" असा देवाचा धावा करत, सोडेचना! मग काय, मीच गेलो. गेलो म्हणजे... ठरवलं मी, बाकी सगळं फळ्यांनी केलं. आधी सरळ, मग उलटा, मग आडवा, मग कसा ते मलाही ठाऊक नाही! आपटलो एका ढिगात. डोळे उघडले, तर समोर गिरीधर. माझ्याकडे पाठ करून बसलेला, खांदे गदागदा हलतायत.

रांगत गेलो. पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "रड गिऱ्या, रड, दोन वर्षं कोंडून ठेवलंस, लाजू नकोस, मी आहे..." माझेही डोळे भरले. तो वळला... आणि तुम्हाला सांगतो, तो हसत होता! शब्द फुटेना त्याला! "पद्दू... तू आडवा येत होतास... आणि 'एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी' म्हणत होतास... बर्फाला!"

अय्यो, मग मलाही आवरेना! दोघं पोट धरून लोळतोय! आणि मध्येच म्हणाला, "तुळसी असती तर तुझी नक्कल केली असती रे." दोन वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं तिचं. आणि परत हसला.

माझा डावा हात तेव्हाच सुजायला लागला होता. पण मी हातमोजा काढलाच नाही. तो हसतोय, मध्ये कशाला बोलायचं? चेन्नईला उतरेपर्यंत हसला तो. विमानात शेजारच्यांना सांगितलं, टॅक्सीवाल्याला तमिळमध्ये सांगितलं, आणि सोमवारी मला दवाखान्यात घेऊन आला तर तिथं फरशीवर आडवा पडून करून दाखवलं! पेशंट हसतायत, नर्स हसतेय, डॉक्टर तर एक्स-रे हातात धरून डोळे पुसतायत... हसत हसतच त्यांनी प्लास्टर घातलं. मीही मध्ये बोललो नाही. चांगलं कोपरापर्यंत घालून झाल्यावर हळूच म्हटलं, "डॉक्टर, झकास झालंय. आता मोडलेल्या हातालाही एक घाला."