सिंकमधले पिठाचे गोळे

हे कुणाला सांगायचं नाही असं बाबांनी मला बजावलंय, म्हणून तुम्हीही आमच्या घरी बोलू नका. मागे आमचं सिंक तुंबलं होतं. बाबा चाकणला कंपनीत मेंटेनन्सला आहेत. तिथे मशीन बंद पडलं की "का? का?" असं विचारत मूळ कारण शोधतात. बाबांनी घरीही तेच सुरू केलं.

"पाणी का जात नाही?"

"तुम्ही खाली वाकत नाही म्हणून," आई म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.

बाबा वाकले. मी टॉर्च धरला. पाइपचं झाकण उघडल्यावर बादलीत ज्वारीच्या पिठाचे गोळे पडले. माझी नवी वहिनी कोकणातली. भाकरी थापताना मोडली की ती पीठ गुपचूप सिंकमध्ये ढकलायची. ती दारातच उभी होती, अगदी रडवेली.

"काय निघालं हो?" आईनं बाहेरून विचारलं.

बाबांनी बादलीवर फडकं टाकलं. "चहाचा चोथा. मीच टाकला असेल."

"तुम्ही चहा कधी केलात?"

बाबा बादली उचलून मोरीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी आई भाजीला गेल्यावर त्यांनी वहिनीसमोर परात ठेवली. लग्नाआधी भोसरीत खोलीवर राहायचे, तेव्हा भाकऱ्या तेच करायचे. म्हणाले, "मूळ कारण राहिलं की मशीन परत बंद पडतं. पाणी गरम घे, पोरी."

काल आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "बघून बघून माझ्यासारखीच भाकरी थापायला शिकली ही." बाबा मान खाली घालून जेवत होते, आणि वहिनी त्यांच्याकडे बघून—

"तनू, काय सांगतेयस गं एवढं?"

"काही नाही आई, आले. चहाच्या चोथ्याचं."