तीन वर्षांची मुदतवाढ

छातीच्या दवाखान्यात नंबर यायला अवकाश होता. मास्तरीणबाईंनी पेपर उघडला, पण कान मागच्या बाकावर होते. तिथे नातीला घेऊन एक आजी बसल्या होत्या आणि शेजारी खोकला दाबत एक म्हातारा.

"पोरीला काय होतंय?"

"आता काही नाही. ते कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं, तेव्हापासून दम्याचा पंप कपाटात पडून आहे. नुसतं दाखवायला आलोय."

"बरं झालं. मी सव्वीस वर्षं तिथल्याच बॉयलरवर होतो."

"अगंबाई. म्हणजे नोकरी गेली असेल."

"गेली. सरकारनं हवेसाठी बंद करायचं ठरवलं, तेव्हा मोर्चात मीच पुढे होतो. घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, तीन वर्षांची मुदत वाढवून घेतली. एकानंही नाही म्हटलं नाही."

"कोण म्हणणार? पोटापाण्याचा प्रश्न. सही मीसुद्धा केली होती."

मास्तरीणबाईंनी पेपर जरा वर धरला.

"घरचीनंही केली. धापा टाकत दारापर्यंत आली आणि केली."

"आता बऱ्या आहेत ना?"

"मुदतीच्या दुसऱ्या वर्षी गेली. डॉक्टर म्हणाले, धुरानं आधी छाती धरली, मग हृदय थकलं."

"अरे देवा."

"दोरीवरचा एकेक कपडा दोनदा झटकायची, राखेपायी. मी अजून झटकतो."

"आता कुठली हो राख?"

"काहीच पडत नाही. तेच बघवत नाही."