भिंतीवरचं कंकण

...नाही, पण भिंतीवर तर कंकण शाबूत होतं ना! तुम्हाला सांगते, मी स्वतः किरण भिंतीवर टाकून बघितलं, लालभडक कडं आणि मधोमध काळाकुट्ट ठिपका, तरी फाकुन्दो, प्रयोगशाळेतला माझा जोडीदार, मलाच विचारतो, "लुदमी, काय केलंस तू?" मी? मी कशाला काय करीन! आणि शेजारी डॉक्टर नेलिदा. उत्तरेतल्या सान्तियागो प्रांतातून कोर्दोबातल्या आमच्या प्रयोगशाळेपर्यंत बसमध्ये मांडीवर डबी धरून आलेल्या. डबीत हृदयाच्या पेशी, पेशींत चागास रोगाचा परजीवी, आणि नवं औषध घातल्यावर ते त्याला नेमकं कुठे गाठतं हे बघायचं तर तो आधी जिवंत हवा! एकुलती एक डबी हो! गरिबांचा आजार, कोण देणार दुसरी?

आमच्या सूक्ष्मदर्शकात दोन किरण. पहिला परजीवीला चमकवतो, दुसरा, कंकणासारखा, भोवतालची चमक विझवतो. मधला ठिपका तेवढा उरतो. मी दुसरा सोडला... आणि सगळं गुडुप! डॉक्टर हळूच म्हणाल्या, "पोरी, मेला का गं?" अहो, मी मारला? भिंतीवर तर कंकण शाबूत होतं!

"मी काहीच हलवलं नाही," फाकुन्दो म्हणाला. "एक आरसा लावला फक्त."

"कसला आरसा?"

"अगं, माते-चहाच्या थर्मासला कोपरा नको? सूक्ष्मदर्शक पलीकडे सरकवला, कंकणाचा किरण आरशाने वळवून घेतला."

"त्याच्या वाटेतल्या दोन काचांच्या मधे? गाढवा!"

कारण ह्या किरणाला दोन गिरक्या असतात. पहिली काच त्याला मळसूत्रासारखा पीळ देते, दुसरी त्याच्या ध्रुवीकरणाला, म्हणजे प्रकाशलहरींच्या डोलण्याला, अंगची फिरकी देते. किरण सैल असेतो दोघी जावाजावांसारख्या, एका घरात पण चुली वेगळ्या! भिंगाने सुईच्या टोकाएवढं आवळलं की मात्र झिंज्या एकमेकींच्या हातात. दोघी एका दिशेच्या, तर मधला अंधार टिकतो. उलट्या, तर मधोमध उजेड घुसतो आणि ठिपक्याचीही चमक विझते. आरशात उजवं डावं होतं, पीळ उलटला, पण फिरकीची काच आरशाच्या पुढे, म्हणून फिरकी तशीच! भिंतीवर कुठे काय आवळलेलं असतं? तिथे कंकण शाबूतच दिसणार!

पण हे खरं कशावरून? मेलाही असेल! फिरकीही उलटवायला तिची काच फिरवली, ती आधी भलतीकडेच गेली, परत आणली, श्वास धरला... डॉक्टर पुटपुटतायत, "देवा, एवढा वाचव"... फाकुन्दोने तर डोळेच मिटले...

...आणि उगवला! रेखीव, टपोरा, आणि हलतोय! "जगला! जगला गं माझा!" डॉक्टरांनी माझे गाल ओढले, फाकुन्दो टेबलाभोवती नाचला, मी रडले.

मग डॉक्टरांनी पडद्यावरच्या परजीवीकडे बोट केलं. म्हणाल्या, "ह्याच जातीने माझ्या बाबांचं काळीज पोखरलं."

घ्या! आणि त्याच्यासाठी आम्ही तिघं देव पाण्यात घालून बसलो होतो! करता काय? मी औषधाची नळी उचलली आणि म्हटलं, हे पडेपर्यंत तरी औक्षवंत हो रे बाबा.