ओल्या गवतावरचा शेरा

समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय इंदुताई, व्यासपीठावरचे जनपद सभेचे सन्माननीय सदस्य, दवाखान्यातले माझे सहकारी, काल बैलगाडीनं निघून आज चांद्याला पोचलेली जांभूळटोल्याची मंडळी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते आपले ड्रायव्हर बाबुलालभाऊ,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. डॉक्टरला दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली. जांभूळटोल्याला मी कधीकाळी एका रोग्याला दोन मिनिटंही देत नसे. आजची माझी कहाणी तिथूनच सुरू होते.

निरोपाच्या भाषणात माणसाचे गुणच सांगायचे असतात, हे मला ठाऊक आहे. पण बाबुलालभाऊंच्या सेवापुस्तकात एक शेरा आहे, आणि त्याबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. शेरा असा: 'वाहनचालक ओल्या गवतावर गाडी नेण्यात निष्काळजी आहे. एकाच गावी अकरा वेळा गाडी फसवली.' खाली सही माझी. चोवीस वर्षांच्या नोकरीत हा एवढाच डाग. तो घेऊन हा माणूस उद्या पोंभुर्ण्याला घरी जाणार, हे मला सहन होत नाही.

आपल्या फिरत्या दवाखान्याची गाडी सर्वांना माहीत आहे. लढाईतून उरलेली लॉरी. तिच्यात औषधांचं कपाट, रोगी तपासायचा बाक, दोन झोपायच्या फळ्या, एक स्टोव्ह आणि मुखरू कंपाउंडर. यांपैकी सर्वांत जास्त आवाज कोण करतं, हे मी सांगणार नाही. मुखरूभाऊ समोरच बसले आहेत.

जांभूळटोल्याला आमचा वार गुरुवार. दुपारी दोनला पोचायचं, चारला निघायचं, असं माझ्या वेळापत्रकात लिहिलेलं. ते वेळापत्रक मी चांद्यात खुर्चीवर बसून आखलं होतं. रोवणीच्या दिवसांत गावातल्या बाया दिवसभर धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, कंबरेत वाकून, आणि घरी येतात दिवेलागणीला. मग दोन ते चारमध्ये मी तपासत कोणाला होतो? म्हातारे, लेकरं, आणि एकदा तर पाटलांचा बैल.

चौपन्न सालच्या पावसाळ्यात गाडी पहिल्यांदा फसली. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, हिरवंगार गवत आहे, तिथे आम्ही गाडी लावत असू. चार वाजता निघालो तर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गावकऱ्यांना म्हटलं, दोर आणा, ओढा. तर डोमा नावाचे तिथले जाणते मासेमार शांतपणे म्हणाले, "दोर तं पान्यात हायेत, साहेब. जाळे टाकले ना आत्ताच. सकाळी निंगतीन."

झालं. मुक्काम पडला. रात्रीपर्यंत बाया येत राहिल्या. कोणाच्या पायाला चिखल्या, कोणाला पंधरा दिवसांचा ताप, एकीच्या हाताचं हाड मोडून वाकडंच जुळलेलं. सकाळी जाळी निघाली, दोर बांधले, गाडी निघाली. पुढच्या गुरुवारी पुन्हा फसली.

मी बाबुलालभाऊंना विचारलं, "तुम्हाला दुसरी जागा दिसत नाही का?"

ते म्हणाले, "जागा तं हाय साहेब, पन गवत ओलं हाय. गवताले कोन समजावन?"

पाचव्यांदा फसल्यावर मी ठरवलं की दोष टायरचा. मागचे टायर झिजून भाकरीसारखे गुळगुळीत झाले होते. वर्षभर पत्रं लिहिली. शेवटी नागपूरहून एक टायरवाले तीन नमुने घेऊन आले. एक सरळ रेघांचा, डांबरी रस्त्याचा. एक मधल्या नक्षीचा. आणि एक खोल खाचांचा, रेड्याच्या पाठीएवढा जाड. याच शाळेच्या मैदानावर गवतात चाळीस बादल्या पाणी ओतून आम्ही परीक्षा घेतली. पहिला घसरला, दुसरा कुरकुरला, तिसरा सरळ चालत गेला. टायरवाल्यांनी आणखी एक धडा दिला: "ओल्या गवतावर हवा थोडी कमी ठेवा, चाक पसरून धरतं. ठासून हवा भरली की चाक टणक होतं, मग कितीही महागाचा टायर घ्या, घसरणारच."

त्या दिवशी सर्वांत मन लावून ऐकणारा विद्यार्थी कोण होता? बाबुलालभाऊ. त्यांनी तर ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मला किती कौतुक वाटलं म्हणून सांगू.

नवे टायर लावून आम्ही ऐटीत जांभूळटोल्याला गेलो. चार वाजता निघालो, आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. इतर गावांना सुरळीत चालणारी गाडी इथेच पाय रोवून बसायची. अकरावी वेळ झाली आणि मी तो शेरा लिहिला.

शेरा लिहून आठ दिवस झाले असतील. रुखमाबाई, ज्या आज मागच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्या हाताला मी पट्टी बांधत होतो. गाडी अर्थातच फसलेली. मी टायरवाल्यांना नावं ठेवत होतो. बाई म्हणाल्या, "त्या टायराले काऊन बोलता, साहेब? तुमी मागं फळीवर झोपून असता, तवा बाबुलालभाऊ वाटंतच पंप काढून हवा ठासते. आमच्या बाया बांधीतून पायतेत ना. पंप दिसला का समजते, आज डाक्टर थांबते."

माझ्या हातातली पट्टी तिथेच राहिली. मी विचारलं, "हे गावाला माहीत आहे?"

"सारंच गाव जानते. तुमीच सांगतलं असन ना त्याइले? वरच्या साहेबाच्या धाकानं उघड थांबता येत नाई, म्हनून. तुमच्यासारखा डाक्टर आमी पायला नाई, बापा."

मंडळी, त्या क्षणी मी काय बोलायला हवं होतं? 'नाही बाई, मी असा माणूस नाही, मी चारला पळणारा माणूस आहे' असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "हात कोरडा ठेवा."

पुढच्या महिन्यापासून मी वेळापत्रकात जांभूळटोल्याचा गुरुवारी मुक्काम लिहिला. गाडी त्यानंतर एकदाही फसली नाही, आणि टायर फार उत्तम असल्याचा अहवालही मीच पाठवला. पण तीन वर्षं त्या गावचे दुवे मी घेतले आणि शेरा बाबुलालभाऊंच्या नावावर राहू दिला. त्यांनी एका शब्दानं काही म्हटलं नाही. मला याची लाज वाटते, आणि ती चारचौघांत सांगायची म्हणूनच मी आज उभा आहे.

तो जुना शेरा खोडायची परवानगी मी वरून आणली आहे. नवा शेरा वाचतो: 'या वाहनचालकाने गाडी जिथे थांबायला हवी होती तिथेच थांबवली. डॉक्टरला ते उशिरा कळले.' खाली सही माझीच. इंदुताईंची मेहरबानी, त्यांनीही साक्षीची सही केली आहे.

बाबुलालभाऊ, मान वर करा. अजून एक सांगायचं राहिलं आहे. जेवण होताच तुम्हाला पोंभुर्ण्याला पोचवायचं ठरलं होतं. गाडी बाहेर मैदानात, हस्ताच्या पावसात भिजलेल्या गवतावर उभी आहे. आज सकाळी तिच्या मागच्या चाकांत हवा मी स्वतः भरली. ठासून भरली. माझे दंड अजून दुखताहेत. मघाशी नव्या ड्रायव्हरांनी गाडी जरा सावलीत घ्यायचा प्रयत्न केला, तर चाकं जागच्या जागी फिरताहेत. डोमाभाऊ इथे आहेत, पण मी त्यांना विचारून घेतलं आहे. दोर जांभूळटोल्याला, पाण्यात आहेत.

तेव्हा आजचा मुक्काम आमच्याकडे.

अध्यक्षांनी आणि आपण सर्वांनी मला सांभाळून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाला काही लागलं असेल, तर ते पदरात घ्यावं. मुखरूभाऊंनी विशेष. आणि बाबुलालभाऊ, तीन वर्षं गप्प राहिलो त्याची माफी मात्र तुमच्याकडे मागतो. ती आज दिली नाहीत तरी चालेल. सकाळपर्यंत वेळ आहे.