तोंडात कुरुत

नारिन शहराला जाणारी गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. माझ्या पुढच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एक खेड्यातल्या शाळेच्या वयस्क बाई, दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती आता शिक्षकांना शिकवते, हे बोलण्यावरून कळलं.

"बाई, माझ्या अख्ख्या प्रशिक्षणात तुम्ही एकदाही बोलला नाहीत."

"बोलणार होते गं, बुरुल. तेवढ्यात तूच उत्तर सांगून टाकलंस."

"मी?"

"दर वेळी. आणि विषय काय, तर मुलांना बोलतं कसं करावं!"

"रागावू नका बाई, पण ही सवय तुमच्याकडूनच लागली. तुम्ही तरी आम्हाला कुठे बोलू दिलंत?"

"नाहीच दिलं. मलाही ते फार उशिरा कळलं."

"मग?"

"मग काय, हल्ली प्रश्न विचारला की तोंडात कुरुत टाकते. वाळलेल्या दह्याचा तो दगड, लवकर विरघळतोय थोडाच! तोवर मला बोलताच येत नाही."

"अय्या! आणि पोरं? ती बोलतात का मग? की नुसती बघत बसतात? बघतच बसत असतील ना?"

बाईंनी मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडली.

"आधी आ कर."