खाऱ्या पाण्याचा दिवा

रॉकेलच्या रांगेत गिरिजाबाईंचा डबा जागचा हलेना, तेव्हा त्यांनी कान पुढं सरकवले. पुढं चनबसप्पा आणि गैबीसाब बोलत होते.

“गैबीसाब, मेव्हण्यानं मुंबईत समुद्रातले मासे पाळले होते. मासे मेले, निळा दिवा मला दिला. मी तो आमच्या गोड्या पाण्याच्या, पाणझाडांच्या काचेच्या टाकीवर लावलाय.”

“टाकीतली झाडं जगली का?”

“लई फोफावलीत की!”

“मग तोंड का उतरलंय?”

“उद्या संध्याकाळी पाव्हणे पोरगी बघायला येणार. टाकी बैठकीतच हाय. त्या उजेडात पोरगी निळीशार दिसती.”

“तासभर विझवा की, चनबसप्पा!”

“मी विझवणारच होतो. पोरगीच रडाय लागली. म्हणती, अप्पा, झाडं मरतील, दिवा राहू द्या. लई मायाळू हाय हो पोर!”